हळू बॉलवर ब्लेड कळतं: एका अंडर-१५ पोराचं तीन ब्लेडचं प्रकरण

प्रकरण आमच्या टेबल टेनिस हॉलमधल्या एका पोराचं आहे. वय १४, उजव्या हाताने शेकहँड (हात मिळवल्यासारखी बॅट धरणारा), जिल्ह्यात अंडर-१५ला पहिल्या चार-पाचात असायचा आणि मग एका सीझनला पहिल्या-दुसऱ्या राउंडलाच हरायला लागला. टॉपस्पिन (बॉलला पुढे फिरकी देऊन मारायचा फटका) आधीपेक्षा जोरात, उंची वाढलेली, फिटनेस बरा, प्रॅक्टिसला बघितलं तर वाटावं आता स्टेट खेळणार, आणि मॅचला गेला की पाच गेममध्ये सुद्धा जात नव्हतं, सरळ ३-० नाहीतर ३-१. मधे बदललेली मोठी गोष्ट म्हणजे बॅट, म्हणजे ब्लेड (मधली लाकडी फळी) आणि त्यावर चिकटवलेलं रबर. आधी पाच थरांचं साधं लाकडी स्टिगा ऑलराउंड क्लासिक आणि दोन्ही बाजूला यासाकाचं मार्क व्ही, जे रबर १९६९ पासून बाजारात आहे आणि आपल्याकडे निम्मी पोरं त्याच्यावरच शिकलीत. नंतर वडिलांनी बोनस मिळाल्यावर बटरफ्लायचं टिमो बोल एएलसी, म्हणजे लाकडात कार्बनचं कापड घातलेलं ब्लेड, घेऊन दिलं, वर दोन्हीकडे टेनर्जी ०५ रबर, २.१ मिमी. म्हणजे ब्लेडही बदललं आणि रबरही, एकाच दिवशी.

इथेच सगळा गुंता आहे. कारण त्यानंतर जो तो ब्लेडलाच शिव्या घालत होता. कोचसरांचं मत, कार्बन काढा आणि परत लाकडावर आणा. हॉलमधले सीनियर तर हसतच होते, आम्ही क्लिपरवर आयुष्य काढलं म्हणे, कार्बन काय करायचाय पोराला. वडिलांना वेगळीच शंका, ब्लेड डुप्लिकेट तर नाही ना मिळालं. पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, ब्लेड मस्त आहे, मलाच खेळता येत नाहीये." हॉलमध्ये रबरं चिकटवायचं, सोलायचं, एज टेप लावायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं, त्यामुळे हे भांडणही माझ्याकडे आलं.

आधी सीनियरांच्या म्हणण्याबद्दल दोन शब्द, कारण ते चुकीचं नाहीये, फक्त वेगळ्या काळातलं आहे. स्टिगा क्लिपर हे सात थरांचं लाकडी ब्लेड आणि ते ज्या काळात क्लिपर खेळले त्या काळात मॅचच्या आधी स्पीड ग्लू लावायचे, त्याने रबराखालचा स्पंज फुगायचा, ताणला जायचा आणि बॉल असा काही सुटायचा की ब्लेडकडून वेग मागायची गरजच नसायची. तो ग्लू २००८ मध्ये बंद झाला. बॉल २००० मध्ये ३८चा ४० मिमी झाला होता आणि २०१४ला सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा ४०+ आला, म्हणजे स्पिन अजून कमी. मग वेग भरून कुठून काढायचा तर रबर आणि ब्लेड, आणि म्हणून आज वरच्या लेव्हलला बहुतेकांच्या हातात फायबरचं, म्हणजे कार्बनसारखं कापड घातलेलं, ब्लेड दिसतं. त्यामुळे "लाकूड ते लाकूड" हा सल्ला आजच्या बॉलला जसाच्या तसा लागू होत नाही. पण १४ वर्षांच्या पोराला तो लागू होतो का, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यात आधी ब्लेडला हातच लावला नाही, मॅचचे मोबाईलवरचे व्हिडिओ बघितले. रॅली सुरू झाली की पोरगा बरोबरीत होता, काही वेळा वरचढ. पॉइंट जात होते ते पहिल्या तीन-चार बॉलमध्ये. समोरचा आखूड बॅकस्पिन (उलट्या फिरकीची) सर्व्हिस करतो, हा पुश करतो (बॉल नुसता ढकलतो) किंवा ड्रॉप करायला (नेटजवळ आखूड टाकायला) जातो, बॉल टेबलावर दोनदा पडण्याऐवजी शेवटच्या रेषेबाहेर निघतो, अर्धा फूट लांब आणि वर थोडा उंच, आणि समोरचा मजेत टॉपस्पिन मारतो. मग ह्याचा ब्लॉक, तोही लांब. दोन-तीन मॅचनंतर तर समोरची पोरं दुसरी कुठली सर्व्हिसच करत नव्हती, जिल्ह्याच्या लेव्हलला अशी गोष्ट लपत नाही.

आता टेस्टला घेतलेली तीन ब्लेडं. एक त्याचं टिमो बोल एएलसी. ह्यात बाहेर कोटो नावाचं कडक लाकूड, त्याच्या लगेच खाली एएलसी म्हणजे आर्यलेट आणि कार्बनचं विणलेलं कापड, मग लिम्बाचं लाकूड, मधे किरीच्या लाकडाचा हलका गाभा, आणि दुसऱ्या बाजूला हेच उलट क्रमाने. जाडी ५.८ मिमी. व्हिस्कारिया नावाच्या ब्लेडची बांधणीही अशीच, त्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात तो भाग वेगळा. दुसरं क्लबमधल्या एका दादाचं इनरफोर्स लेयर एएलसी. कापड तेच, पण ते आत, गाभ्याला चिकटून, आणि बाहेरचं लाकूड लिम्बा, जे कोटोपेक्षा मऊ. जाडी ६ मिमी. तिसरं त्याचंच जुनं ऑलराउंड क्लासिक, पाच थर, फायबर नाही.

जाडीवर जरा थांबतो, कारण दुकानात सगळ्यात आधी हाच आकडा सांगतात. लाकडाच्या फळीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे सगळं सारखं असेल तर ५.८ चं ६ केलं की कडकपणा जवळपास ११ टक्क्यांनी वाढायला हवा. या हिशोबाने इनरफोर्स जास्त फास्ट निघायला पाहिजे, आणि ते निघत नाही, हातात घेतलेला कुणीही सांगेल. कारण कापड कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. फळी वाकते तेव्हा बाहेरचे थर ताणले आणि दाबले जातात, मधला भाग फारसं काही करत नाही. म्हणून तेच कापड बाहेर ठेवलं की फळी जास्त कडक होते, आणि मधल्या रेषेजवळ नेलं की त्याचं काम बरंच कमी होतं. लोक जे सांगतात ना, की हळू मारलं की बॉल लाकडावर लागतो आणि जोरात मारलं की आत कार्बनपर्यंत पोचतो, ते ऐकायला गोड आहे पण बॉल काही कुठे शिरत नाही, वाकते ती अख्खी फळी.

नियमही याच बाजूने आहे. ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूड हवा, आणि फायबरचा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिमी, यातलं जे कमी असेल त्याच्या आत. ५.८ मिमीच्या ब्लेडला ७.५ टक्के म्हणजे ०.४३५ होतात, म्हणजे इथे ०.३५ ची मर्यादाच चालते. त्यामुळे "कार्बनचं ब्लेड" म्हटलं तरी ते मुळात लाकूडच आहे, फायबर फक्त त्याला कसं वाकू द्यायचं ते ठरवतं.

कंपनीच्या आकड्यांकडे मी बघितलं नाही. बटरफ्लाय एका स्केलवर रिअ‍ॅक्शन आणि व्हायब्रेशन देतं, स्टिगा दुसऱ्याच स्केलवर स्पीड आणि कंट्रोल देतं, एकाचं दुसऱ्याशी लावायचं कसं? शिवाय बहुतेक ठिकाणी कंट्रोलचा आकडा म्हणजे स्पीडचाच आकडा उलटा करून लिहिलेला असतो, त्यातून नवीन काहीच कळत नाही.

मग वजन केलं. हे आधीच करायला हवं होतं असं कोचसर नंतर म्हणाले. जुनी बॅट मार्क व्हीसकट १७० ग्रॅमच्या आसपास, नवीन बॅट १८८. ब्लेड स्वतः ९१ ग्रॅमचं आणि टेनर्जी मार्क व्हीपेक्षा जड. म्हणजे पोराच्या मनगटावर १८ ग्रॅम वाढले आणि त्यातले बरेचसे हँडलमध्ये नाही तर पुढे, टोकाकडे. बॅट बोटावर तोलून बघितली की लगेच दिसतं, नवीन बॅटचा तोल चांगलाच पुढे सरकलेला. फोरहँड टॉपस्पिनला हे वजन आवडतं, बॅट आपोआप फिरते. बॅकहँडला छोट्या बॉलवर पोचून अचानक थांबायचं असतं तिथे तेच वजन हात पुढे ओढत नेतं. तीनही ब्लेडची तुलना करायची तर आधी हे वजन बाजूला काढणं भाग होतं.

म्हणून पद्धत अशी ठेवली. रबरं तीच, एका ब्लेडवरून सोलून दुसऱ्यावर. पाण्याचा ग्लू असल्याने निघतात नीट, फक्त लिम्बाचं पृष्ठ असेल तर सोलताना लाकडाचे बारीक रेशे रबरासोबत उपटून येतात, तर आधी पातळ सीलर (वार्निशसारखा थर) मारून घ्या, आणि दुसऱ्याचं ब्लेड असेल तर नक्कीच मारा. रबर सोललं की जरा आकसतं, कडेला एखादा मिलिमीटर कमी पडतो, चालतं. हलक्या दोन ब्लेडना कडेने लीड (शिशाची) टेप लावून एकूण वजन सारखं केलं. हँडल तिन्ही फ्लेअर (टोकाला रुंद होणारी) होती आणि त्यावर काळी ग्रिप गुंडाळली, म्हणजे लोगो दिसायला नको. आणि बॉल मल्टीबॉलने (एकामागून एक), सर टाकणार, आखूड बॅकस्पिन, मग लांब टॉपस्पिन, मग टेबलापासून मागे जाऊन काउंटर (टॉपस्पिनला टॉपस्पिननेच उत्तर). जिथे आखूड ड्रॉप पडायला हवा तिथे नेटजवळ वर्तमानपत्राचा तुकडा टेपने लावला.

पहिली गंमत वजनाचीच. ऑलराउंडला कडेने टेप लावल्यावर पोरगा म्हणाला हे कुठलं नवीन फास्ट ब्लेड आहे. स्वतःचं जुनं ब्लेड त्याला ओळखता आलं नाही. आपण ज्याला "ब्लेडचा स्पीड" म्हणतो त्यात किती भाग नुसता टोकाच्या वजनाचा असतो ते तिथेच कळलं, आणि दोन जणांनी एकच मॉडेल घेऊन एकाचं ८५ ग्रॅमचं आणि एकाचं ९२ चं असेल तर ते दोघं ज्याची तुलना करतायत ते एक ब्लेड नाहीच.

लांब टॉपस्पिनवर बॅकहँड ब्लॉक. इथे दोन्ही एएलसी ब्लेडमध्ये फरक कमी निघाला, म्हणजे मला बाहेरून दिसत नव्हता इतका कमी. ऑलराउंडवर मात्र जोराचा बॉल आला की बॅट मागे दबल्यासारखी व्हायची आणि ब्लॉक मध्येच आखूड, तरंगत पडायचा. कोचसरांचा "लाकडावर आणा" इथे अडला. अंडर-१५ ची वरची पोरं आता जेवढ्या जोरात मारतात त्यापुढे ते ब्लेड खरंच कमी पडतं. टेबलापासून मागे गेल्यावर टिमो बोल एएलसी सरळ सरळ पुढे, कमी हात फिरवून बॉल पोचतो, इनरफोर्सला तेवढाच बॉल न्यायला पूर्ण स्विंग लागतो.

जड बॅकस्पिनवर फोरहँडने उचलणं, ते इनरफोर्सवर सगळ्यात निवांत. बॉल बॅटवर क्षणभर बसतो असं तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात. आता बॉल आणि रबराचा संपर्क साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, मेंदूपर्यंत काही पोचायच्या आत बॉल बॅट सोडून निघालेला असतो, तेव्हा "बसला" हे आपल्याला त्या क्षणी कळत नाही, मागाहून हाताला आलेल्या कंपनातून आणि कानाने कळतं. फील त्या फटक्याला मदत करत नाही, पुढच्या फटक्याला करतो. पण पुढच्या फटक्याला करतो ही छोटी गोष्ट नाही, एका गेममध्ये पुढचे फटके किती असतात बघा.

कानाचं खरं किती ते बघायला पोराला इयरफोन लावून मोठ्याने गाणी लावली आणि परत खेळायला लावलं. जोराच्या टॉपस्पिनवर त्याला दोन एएलसी ब्लेडमधलं कुठलं कुठलं ते सांगता येईना. मग सरांनी स्वतः ट्राय केलं, तेही चुकले, आणि त्यांना ते फार आवडलं नाही. कोटोचं ब्लेड टणक, उंच आवाज करतं आणि त्या आवाजाला आपण फास्ट म्हणतो. कान किती खेळतात याचा सगळ्यात मोठा पुरावा तर आपल्याच मुंबईतला आहे. १९५२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप मुंबईत झाली, जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि फायनलमध्ये हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सिंगल्स जिंकून गेला. तोपर्यंत सगळे पिंपल्सच्या (दाणेदार रबराच्या) टक-टक आवाजावर बॉल वाचायचे, आणि याच्या बॅटचा आवाजच येत नव्हता. वेग होताच, पण निम्मी लोकं कान बंद झाल्याने हरली असं मला वाटतं. पुढे १९५९ मध्ये स्पंज आणि रबर मिळून जाडीला ४ मिमीची मर्यादा आली.

आता मुख्य, आखूड ड्रॉप. गाणी लावलेली असोत की नसोत, इथे तिन्ही ब्लेडं वेगळी वागली. ऑलराउंडवर बॉल बहुतेक वेळा दोनदा पडला. इनरफोर्सवर त्याच्या थोडं मागे. टिमो बोल एएलसीवर कागदाच्या जवळपासही कमी वेळा, आणि जे सुटले ते सगळे एकाच दिशेने, लांब. पोरगा तीच कृती करत होता, व्हिडिओत हात सारखाच दिसतो.

मला याचं कारण असं वाटतं. ब्लेडमधला वेगाचा फरक काही हळू बॉलवर जास्त असतो असं नाही. पण टॉपस्पिनला बॉल एक फूट लांब गेला तरी टेबल नऊ फुटाचं आहे, पॉइंट चालू राहतो, आणि पुढच्या वेळी हात थोडा आवरता येतो. ड्रॉपला मात्र एक वीतभर जादा म्हणजे समोरच्याला फुल टॉपस्पिन. तिथे आवरायला हातच नसतो, कारण हात आधीच जवळजवळ थांबलेला आहे, आणि थांबलेला हात अजून काय थांबवणार? म्हणून फास्ट ब्लेडची किंमत हळू बॉलवर मोजली जाते. आणि दुकानात किंवा मित्राची बॅट घेऊन आपण पहिला फटका काय मारतो? फोरहँड टॉपस्पिन, जिथे सगळीच ब्लेडं छान वाटतात.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण ऑलराउंडवर टेनर्जी लावून सुद्धा त्याचे ड्रॉप जुन्या दिवसांइतके आखूड नव्हते. म्हणजे दोषाचा एक तुकडा रबराचा. टेनर्जी ०५ समोरच्याच्या स्पिनला फार पटकन उत्तर देतं, बॅटचा कोन जरा उघडा राहिला की बॉल वर. मग कुणीतरी सुचवलं मऊ घ्या, टेनर्जीचाच मऊ प्रकार एफएक्स लावा. बटरफ्लायच्या स्केलवर साध्या टेनर्जी ०५ चा स्पंज ३६ आणि एफएक्सचा ३२. लावून बघितलं, आणि ड्रॉप अजून उडाले, कारण मऊ स्पंज हलक्या टेकण्यालाही दबतो आणि परत ढकलतो. मऊ म्हणजे कंट्रोल हे समीकरण इतकं सर्रास सांगतात की मी ते ऐकलं की विषय बदलतो. शेवटी बॅकहँडला बटरफ्लायचंच रोझेना रबर १.९ मिमी लावलं, स्पिनला कमी चिडतं, पातळ, आणि वजनही खाली येतं.

निर्णय असा झाला. ब्लेड इनरफोर्स, ८६ ग्रॅमचं, फोरहँडला टेनर्जी ०५ तसंच ठेवलं, बॅकहँडला रोझेना. एकूण वजन १८० च्या आत. वडिलांना वाईट वाटणं साहजिक होतं, पाच आकडी ब्लेड घेऊन दिलेलं, ते म्हणाले, "सर, म्हणजे ते पैसे पाण्यातच ना?" त्यांना सांगितलं, ब्लेड ओरिजिनल आहे, ब्लेड चांगलं आहे, पोराच्या अंगात ताकद येईल तेव्हा त्याच्याच कामाला येईल, विकू नका, आणि नवीन लगेच घेऊ नका, दादाचं ब्लेड एक टर्म वापरू दे. दादा पण मोठ्या मनाचा, तोवर तो टिमो बोल एएलसी खेळतोय आणि खूश आहे, तो मागे राहून काउंटर मारणारा माणूस.

पुढच्या रँकिंग टूर्नामेंटला काही चमत्कार झाला नाही. क्वार्टरला हरला, पण पाच गेममध्ये, आणि समोरच्याने तिसऱ्या गेमनंतर आखूड सर्व्हिस सोडून लांब सर्व्हिस करायला सुरुवात केली होती, जे मला निकालापेक्षा जास्त सांगून गेलं. ब्लॉक बरे. रिसीव्हला आता फ्लिक (आखूड बॉल मनगटाने झटकून मारणं) पण करतो, आधी घाबरायचा.

आता सरांची नवीन तक्रार आहे की मागे गेल्यावर त्याच्या बॉलला जीव राहत नाही, आणि ती खरी आहे. त्यांचं म्हणणं फोरहँडला अजून कडक रबर द्या, डिग्निक्ससारखं. मी म्हणतोय वजन परत वाढेल आणि बॅकहँड परत अडकेल, त्यापेक्षा त्याला मागे जाऊच देऊ नका, टेबलाजवळ उभा ठेवा, फूटवर्क करून घ्या. यावर अजून एकमत नाही. वर्षभरात तो अजून दोन-तीन इंच वाढेल असं दिसतंय, तेव्हा परत तिन्ही ब्लेडं काढून, वजन सारखं करून, आधी आखूड बॉलवरच टेस्ट घ्यायची एवढं मात्र ठरलंय.